अस्वलाचं हाड काय सांगतं, आणि कोकणच्या मातीत ते का मिळत नाही

आमच्या घरामागे माडाच्या आळ्याशेजारी आम्ही मोत्याला पुरलं, तेव्हा मी सहावीत होते. मोत्या आमचा कुत्रा. वीसेक वर्षांनी त्याच जागी काजूचं कलम लावायचं ठरलं आणि बाबांनी खड्डा काढायला घेतला. मी मुद्दाम बाजूला उभी राहिले. मोत्याची हाडं वर आली तर ती नीट उचलून दुसरीकडे ठेवायची, असं मनात होतं. तीन फूट खोल गेल्यावर लाल मातीत पांढुरके, बोटांनी चुरडले जातील असे दोन-तीन तुकडे दिसले. त्यांच्यासोबत चार दात होते, अगदी लख्ख. कवटी, फासळ्या, पाय यांतलं काहीच उरलं नव्हतं. बाबा फावड्यावर टेकून म्हणाले, “गो, आमची माती हाडां खाता.”

कोकणात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, फक्त त्याला कोणी शास्त्र म्हणत नाही. मासळीची डोकी, काटे, कोलंबीची सालं माडाला घालतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांचा मागमूस राहत नाही. मला मात्र त्या दिवसापासून एक प्रश्न सतावायला लागला. वीस वर्षांत कुत्रा नाहीसा होत असेल, तर वीस हजार वर्षांपूर्वी या सड्यांवरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवरून, या राईंमधून हिंडलेल्या जनावरांचं काय झालं? इथे कोण राहत होतं हे आपल्याला कधी कळणार? याचं उत्तर शोधताना मी अस्वलापाशी येऊन पोहोचले. जुन्या काळातल्या प्राण्यांबद्दल अस्वलाच्या हाडांनी माणसाला जितकं शिकवलंय, तितकं फार थोड्या जनावरांनी शिकवलं असेल.

आधी मातीचं बघू. हाडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक कोलॅजेन, म्हणजे दोऱ्यांसारखं चिवट प्रथिन. दुसरं कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं खनिज, ज्यामुळे हाड कडक होतं. घरी करून बघायचं असेल तर कोंबडीच्या तंगडीचं हाड साफ करून चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. आम्ल खनिज विरघळवून टाकतं आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. कोकणच्या मातीत नेमकं हेच होतं, फक्त सावकाश. आपला जांभा तयार होतानाच पावसाने खडकातला चुना आणि इतर विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली आणि मागे लोह व अॅल्युमिनियम राहिलं. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाच्या गंजाचा. चुनाच नसल्यामुळे या मातीत आम्ल मोडणारं काही उरत नाही. त्यावर दर वर्षी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. खनिज पाण्याबरोबर जातं, कोलॅजेन जिवाणू खातात. दातावरचं एनॅमल तेवढं टिकतं, कारण ते जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं आणि इतकं घट्ट बसलेलं असतं की आम्लाला आत शिरायला वाट सापडत नाही. मोत्याचे दात राहिले ते म्हणून.

आता याच्या उलट जागेची कल्पना करा. चुनखडीच्या डोंगरातली गुहा. आत ऊन नाही, पाऊस नाही, बारमाही थंडावा, आणि छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातच चुना विरघळलेला. ते पाणी हाडं खात नाही. हळूहळू ते हाडांवर चुन्याचं आवरण चढवतं. अशा गुहा युरोपात भरपूर आहेत आणि त्यांतल्या कित्येक अस्वलांच्या हाडांनी भरलेल्या आहेत.

ड्रॅगनच्या गुहेतली अस्वलं

ऑस्ट्रियात मिक्स्निट्झ गावाजवळच्या एका गुहेला लोक शेकडो वर्षं ड्रॅगनची गुहा म्हणत आले. आत प्रचंड कवट्या आणि बोटभर लांबीचे सुळे सापडायचे. एवढं मोठं जनावर गावात कोणी पाहिलं नव्हतं, तेव्हा ते ड्रॅगनचंच असणार. वास्तविक ती अस्वलं होती. आज पृथ्वीवर कुठेच नसलेली, गुहाअस्वल नावाची वेगळी जात. १७९४ साली योहान ख्रिश्चन रोझेनम्युलर या जर्मन अभ्यासकाने तिला शास्त्रीय नाव दिलं, ‘अर्सस स्पेलेअस’. एखादी जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते हा विचार तेव्हा नवा होता, पुष्कळांना तो न पटणारा होता, आणि तो पटवण्यात या कवट्यांचाही वाटा होता.

१९२० नंतरच्या काही वर्षांत ती गुहा खणली गेली ती खतासाठी. इतकी हाडं तिथे कुजून साठली होती की गुहेतल्या मातीतच फॉस्फेट भरून राहिलं होतं. ती माती काढून शेतांवर टाकली. आपण माडाला मासळी घालतो त्यातलाच हा प्रकार, फक्त खत हजारो वर्षांचं जुनं. त्या एका गुहेत ३०,००० किंवा त्याहून अधिक अस्वलांची हाडं असावीत, असा अंदाज त्या वेळच्या अभ्यासकांनी बांधला.

आकडा ऐकून वाटतं, की एखादा पूर किंवा रोग आला आणि कळपच्या कळप मेला. तसं काही घडलेलं नाही. थंड प्रदेशातली अस्वलं हिवाळ्यात गुहेत शिरून महिनोन् महिने निजतात. शरद ऋतूत पुरेशी चरबी साठली नसेल, अस्वल म्हातारं किंवा आजारी असेल, पिल्लू अशक्त जन्मलं असेल, तर ते त्या झोपेतून उठत नाही. वर्षाला एकच अस्वल असं गेलं असं धरा. ३०,००० वर्षांत ३०,००० सांगाडे होतात. म्हणून या गुहांत अगदी लहान पिल्लांची आणि म्हाताऱ्यांची हाडं जास्त सापडतात, भरात असलेल्या अस्वलांची कमी. नुसत्या वयाच्या गणितावरून मरणाचं कारण कळतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एक कवटी सापडली तर प्राणी कळतो. ढीग सापडला तर त्याचं आयुष्य कळतं.

वय कसं मोजतात, तेही सांगते. दाताच्या मुळावर सिमेंट नावाचा एक थर असतो आणि तो जन्मभर वाढत राहतो. आपल्याकडे दर गणपतीला भिंतीला रंगाचा हात देतात. जुन्या घराचा पोपडा निघाला की त्याच्या कडेला एकावर एक चढलेले थर मोजता येतात, तसंच हे. उन्हाळ्यात जाड थर, हिवाळ्यात बारीक गडद रेघ. दात पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की रेघा मोजून वय निघतं. शेवटचा थर जाड आहे की नुकती गडद रेघ सुरू झालीय, यावरून जनावर कोणत्या ऋतूत मेलं तेसुद्धा.

हाडाची चव घेता येते तेव्हा

ते अस्वल काय खायचं? गुहाअस्वलाचा मोठा नर ४०० किलोच्या पुढे सहज जायचा आणि सुळे तर दचकवणारे. इतकं दांडगं जनावर मांसाहारी असणार असं कोणालाही वाटेल. पण दाढा बघितल्या की शंका येते. वाघाची दाढ कात्रीच्या पात्यासारखी असते, मांस कापणारी. गुहाअस्वलाची दाढ रुंद, सपाट, वर बारीक उंचवटे असलेली, पाट्यासारखी. त्यावर वाटायचं, कापायचं नाही.

पुढची साक्ष हाडातल्या नायट्रोजनची. नायट्रोजन निसर्गात दोन प्रकारचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. झाडपाला खाणाऱ्याच्या अंगात जड नायट्रोजनचं प्रमाण झाडापेक्षा थोडं वाढतं. त्याला जो खातो त्याच्यात आणखी वाढतं. समुद्रातलं उदाहरण घ्या. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव तारली खाते, तारलीला सुरमई खाते. एकेक पायरी वर जावं तसा जड नायट्रोजन वाढत जातो. हाडात कोलॅजेन शिल्लक असेल तर प्रयोगशाळेत हे प्रमाण मोजून सांगता येतं, की हा प्राणी कितव्या पायरीवर होता. बहुतेक गुहाअस्वलांचं प्रमाण हरणांच्या आसपास आलं. म्हणजे पाला, गवत, मुळं खाणारं जनावर. रोमानियातल्या काही अस्वलांत मात्र ते जास्त निघालं, आणि सगळीच गुहाअस्वलं काटेकोर शाकाहारी होती का यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

त्याहून खोलवर जातो तो हाडातला डीएनए. स्पेनमधल्या गुहांतल्या अस्वलांच्या अभ्यासात २०१६ साली एक सुंदर गोष्ट पुढे आली. आईकडून येणारा डीएनए तपासला, तर एका गुहेतली अस्वलं एकमेकांच्या जवळच्या नात्यातली निघाली आणि जवळच्याच दुसऱ्या गुहेतली वेगळ्या घराण्यातली. म्हणजे ज्या गुहेत जन्म झाला त्याच गुहेत ती पिढ्यान् पिढ्या हिवाळी झोपेला परतायची. वेळासच्या किनाऱ्यावर कासवं येतात तेव्हा आपण हेच सांगतो, की जिथे जन्मली त्या किनाऱ्याकडे मादी अंडी घालायला परतते. कासवाला खूण लावून तपासता येतं. इथे मात्र हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांची सवय वाचली गेली.

हीच सवय कदाचित त्यांच्या जिवावर उठली. गुहा माणसालाही हव्या होत्या. जर्मनीतल्या होहले फेल्स गुहेत गुहाअस्वलाचा एक मणका सापडला, त्यात गारगोटीच्या हत्याराचं टोक रुतून बसलेलं होतं. वय सुमारे २९,००० वर्षं. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत, जी १९९४ च्या डिसेंबरमध्ये सापडली, भिंतींवर अस्वलांची चित्रं आहेत, जमिनीवर अस्वलांनी निजण्यासाठी केलेले खळगे आहेत, आणि एका दगडावर एक कवटी मांडून ठेवलेली आहे. ती माणसाच्याच हाताने ठेवलेली असावी. सुमारे २५,००० वर्षांपूर्वी ही जात संपली. थंडी वाढली होती, चारा घटला होता, आणि त्यातच माणूस. कशाचा वाटा किती, यावर मतं वेगवेगळी आहेत. पण त्याच काळात, त्याच माणसांच्या शेजारी तपकिरी अस्वल तगून राहिलं. ते मिळेल ते खायचं आणि एकाच गुहेला चिकटून नसायचं, हा फरक मला नजरेआड करता येत नाही. गुहाअस्वल पुरतं संपलंही नाही म्हणा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजच्या तपकिरी अस्वलांच्या जनुकांत ०.९ ते २.४ टक्के वाटा गुहाअस्वलाचा निघाला. दोन जातींचा कधीकाळी संकर झाला होता, आणि तो अजून चालत्या-बोलत्या अस्वलांच्या अंगात आहे.

अस्वलाचं हाड माणसाबद्दलही सांगतं. आयर्लंडमध्ये १९०३ साली एका गुहेतून तपकिरी अस्वलाची गुडघ्याची वाटी मिळाली. तिच्यावर हत्याराने कापल्याच्या खुणा होत्या. संग्रहालयातल्या खोक्यात ती कित्येक दशकं पडून राहिली. अखेर मॅरियन डाऊड आणि रुथ कार्डेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी तिचं वय काढून घेतलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. ती वाटी १२,५०० वर्षांपूर्वीची होती. तोवर आयर्लंडमधल्या माणसाचा सर्वांत जुना पुरावा सुमारे १०,००० वर्षांचा मानत. हातात मावणाऱ्या एका हाडाने एका देशाचा इतिहास २,५०० वर्षांनी मागे नेला. ते हाड कुठे आणि कसं मिळालं याची नोंद १९०३ साली कोणीतरी नीट लिहून ठेवली होती, म्हणून हे जमलं.

आपलं अस्वल

आपल्याकडचं अस्वल निराळं. जुन्या मराठीत त्याला ‘रीस’ म्हणत, संस्कृत ‘ऋक्ष’वरून आलेला शब्द. रामायणातला जांबवान याच घराण्यातला. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज अभ्यासकाकडे त्याचं वर्णन गेलं तेव्हा लांब वाकडी नखं आणि पुढचे गायब दात पाहून त्याने त्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथचा, म्हणजे झाडाला उलटं लटकणाऱ्या संथ जनावराचा, भाऊबंद ठरवलं. इंग्रजीत त्याचं ‘स्लॉथ बेअर’ हे नाव तिथून चिकटलं.

त्या गायब दातांत सगळी गंमत आहे. आपल्या अस्वलाला वरच्या जबड्यात पटाशीचे मधले दोन दात नसतात. इतर अस्वलांना ४२ दात, याला ४०. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी फुर्रकन ओढून घेतं. नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, ओठांचा चंबू करून ओढायचं. हा आवाज रानात लांबवर ऐकू येतो. समजा, हजारो वर्षांपूर्वीची एक कवटी सापडली आणि तिला ते दोन दात नाहीत. त्या एका रिकाम्या जागेवरून कळतं, की तिथे वाळवी होती. वाळवी होती म्हणजे ऊब होती, कुजणारं लाकूड होतं, वारूळ रचायला माती होती. कवटीपासून निघून आपण रानाच्या हवामानापर्यंत येऊन पोहोचतो. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत कांगड्याकडे मिळालेल्या एका कवटीला रिचर्ड लायडेकर या इंग्रज जीवाश्म-अभ्यासकांनी १८८४ मध्ये आपल्या अस्वलाचा पूर्वज म्हणून नाव दिलं, ते अशाच खुणा ताडून.

पुरावा अंगणाजवळचाही आहे. आंध्रातल्या कर्नूलजवळ बिल्लासुर्गम नावाच्या चुनखडीच्या गुहा आहेत. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूवैज्ञानिक आणि त्यांचा मुलगा हेन्री यांनी १८८४-८५ च्या सुमारास तिथे खोदकाम केलं. लायडेकर यांनी ती हाडं ओळखली. त्यांत वाघ, बिबट्या, तरस, गेंडा, रानडुक्कर होते आणि आपलं अस्वलही होतं. अलीकडे त्याच गुहांचे थर पुन्हा तपासले गेले आणि २०१४ साली निष्कर्ष आले. ओळखता आलेल्या सस्तन प्राण्यांच्या २१ प्रकारांपैकी २० किमान १,००,००० वर्षांपासून आजपर्यंत भारतात टिकून आहेत. फक्त एक गेला, बबूनच्या कुळातला एक माकडप्रकार.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. युरोपात गुहाअस्वल गेलं, केसाळ गेंडा गेला. अमेरिकेत तर मोठ्या जनावरांची रांगच्या रांग नाहीशी झाली. भारतातही काही मोठी जनावरं गेली, सरळ सुळ्यांचा अजस्र हत्ती आणि पाणघोडा त्यांत आहेत. पण दक्षिणेतल्या गुहेत सापडणारी बहुतेक जनावरं अजून जिवंत आहेत, जागा बदलून, आक्रसून, पण आहेत. हिमयुगं आली-गेली, पावसाळे कधी जोरात तर कधी मरगळलेले, माणूस वाढत गेला, तरी अस्वल राहिलं. ते आता आंबोली, चौकुळ, तिळारीच्या रानात आहे. एवढा काळ तगलेल्या जनावराचं रान गेल्या शंभर वर्षांत ज्या वेगाने तुटलं, त्याला त्या सगळ्या थरांमध्ये तोड नाही.

मग कोकणात का नाही?

कोकणात अस्वलाच्या हाडांच्या गुहा का नाहीत, याची आता तीन कारणं दिसतात. पहिलं आम्ल मातीचं. दुसरं, आपल्या बहुतेक गुहा आणि कपारी बेसॉल्टच्या किंवा जांभ्याच्या, त्यांत हाडांवर चुना चढवणारं पाणी नाही. तिसरं कारण मला फार उशिरा सुचलं, आणि मला तेच सर्वांत आवडतं. आपलं अस्वल हिवाळी झोप घेतच नाही. थंडीत पिल्लं होतात तेव्हा मादी काही आठवडे गुहेत किंवा बिळात राहते, तेवढंच. आपल्याकडे अन्न बारा महिने असतं, झोपून कशाला राहायचं? म्हणून हजारो वर्षं एकाच गुहेत एकेक सांगाडा साठत जाण्याचा प्रकार इथे घडलाच नाही. हाडांचा ढीग नसणं म्हणजे अस्वलं नसणं नव्हे. इथलं रान पोटभर होतं, असाही त्याचा अर्थ होतो.

जुन्या प्राण्यांचा शोध कोकणात मग दुसऱ्या वाटांनी घ्यावा लागतो. पहिली वाट आपल्या सड्यांवर उघडी पडलीय. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्गातली कातळशिल्पं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव पायपीट करून ती शोधली, नोंदवली. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, कुडोपी ही महाराष्ट्रातली ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचा हत्ती इतका मोठा, की त्याच्या अंगात इतर कितीतरी चित्रं सामावलीत. शिल्पांत एकशिंगी गेंडा आहे, आणि पाणघोड्यासारखं जनावरही अभ्यासकांनी ओळखलंय.

गेंडा आणि पाणघोडा, कोकणात? चित्र हा पुरावा हाडापेक्षा हळवा असतो. चित्र काढणाऱ्याने जनावर दुसरीकडे पाहिलेलं असू शकतं, ऐकलेलं असू शकतं. इथे हाडं मदतीला येतात. घाट चढून देशावर गेलं की मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत, चुनखडीचे खडे असलेल्या गाळात, पाणघोड्याचे जीवाश्म मिळालेत. उत्तर गुजरातेत लांघणजला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. त्यावर ठोकल्याचे खळगे होते, माणसं दगडी पाती घडवताना ते ऐरणीसारखं वापरत असावीत. घाटावर हाडं टिकली आणि चित्रं थोडी. कोकणात चित्रं टिकली आणि हाडं गेली. दोन्ही शेजारी ठेवली तर सड्यावरचा गेंडा कल्पनेतला वाटत नाही.

दुसरी वाट समुद्राखाली आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं पाणी बर्फात अडकून समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता. आपला किनारा तेव्हा पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या आसपास लांब होता. आज जिथे ट्रॉलर जाळी ओढतात, तिथे गवताळ माळ आणि नद्यांची मुखं होती. त्या काळातलं अर्धंअधिक कोकण पाण्याखाली आहे, आणि त्यावर हिंडलेली जनावरंही. युरोपातल्या उत्तर समुद्रात अशाच बुडालेल्या जमिनीवरून मासेमारीच्या जाळ्यांत मॅमथची हाडं वर येत असतात.

किनाऱ्यावर शिंपल्यांचा आणि वाळूचा घट्ट झालेला खडक असतो, ज्याला आपण करल म्हणतो. त्यात चुना असतो, म्हणून त्यातले शिंपले टिकतात आणि जुन्या समुद्राची पातळी सांगतात. रत्नागिरीकडे विहीर खणताना जांभ्याखाली काळं, कोळशासारखं लाकूड लागतं. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या रानाचं, अस्वलाच्या जातीहूनही जुनं.

कुठे सापडलं, हेही हाडाइतकंच मोठं

लहानपणी माझ्या गळ्यात आजीने अस्वलाच्या केसांचा ताईत बांधला होता. दृष्ट लागू नये, रात्री दचकून उठू नये म्हणून. दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा, त्याच्याकडून चार केस घेतलेले. भारतातलं शेवटचं नाचवलं जाणारं अस्वल २००९ साली सोडवलं गेलं आणि ती क्रूर प्रथा संपली. पण समजा तो ताईत आजपासून शंभर वर्षांनी कोणाला सापडला आणि केसातला डीएनए तपासला, तर अस्वल हे उत्तर येईल. आमच्या गावात अस्वल राहत होतं का, याचं उत्तर मात्र त्यातून मिळणार नाही. ते केस कुठल्या रानातून चालत आले, कोण जाणे.

हाडांचंही तसंच. नदी हाड वाहून नेते. साळिंदर हाडं कुरतडायला बिळात ओढून नेतं आणि त्याच्या दातांच्या समांतर चऱ्या माणसाच्या हत्यारासारख्या दिसतात. अस्वलाच्या पंजाची हाडं, नखं गळून पडल्यावर, माणसाच्या हातापायांसारखी इतकी दिसतात की जाणकारही फसतात. म्हणून हाड कोणत्या थरात होतं, किती खोल, शेजारी काय होतं, माती कोणत्या रंगाची, हे सुटलं तर हाड जवळजवळ मुकं होतं. आयर्लंडची ती गुडघ्याची वाटी बोलली, कारण तिच्यासोबत कागद होता.

कोकणात अस्वलाचा जीवाश्म कधी मिळालाच तर तो बहुधा दाताच्या रूपात मिळेल, किंवा जिथे शिंपल्यांच्या ढिगाने माती गोडावली आहे, म्हणजे तिचं आम्ल मोडलं आहे, अशा एखाद्या जागी. अस्वलाची दाढ लक्षात ठेवायला सोपी आहे. बुटकी, लांबट, वरचा भाग सुरकुतलेला, मधे खोलगट. डुकराच्या दाढेशी ती चुकवता येते, म्हणून दोन्हींचे फोटो एकदा शेजारी ठेवून बघा. चिरेखाणीत, विहिरीच्या खड्ड्यात, घळीतल्या धुळीत असं काही दिसलं तर ते तिथेच असू द्या. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. तिथे प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास गेली कित्येक दशकं चालू आहे. धुऊ नका, घासू नका, चकाकी यावी म्हणून काही लावू नका. त्या मातीच्या थरातच पुढची उत्तरं असतात. एक वेगळी गोष्टही सांगायला हवी. हल्लीच्या अस्वलाचं नख, दात किंवा कातडं घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे ताजं हाड दिसलं तर वनखात्याला कळवायचं.

आणि कुदळीबरोबर दात वर आलाच असेल, तर तो काडेपेटीत ठेवा. काडेपेटीवर गावाचं नाव, जागा, खोली आणि तारीख लिहा. माझ्या टेबलावर अशी एक काडेपेटी आहे. तिच्यावर लिहिलंय: मोत्या, माडाजवळ, तीन फूट.